‘कान तयार नाही’ : सोलापुरातील एका श्रोत्याच्या खर्चाचे प्रकरण

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे चादरीचे माग चालवून नंतर धंदा मुलाच्या हाती सोपवलेल्या एका गृहस्थांनी मार्च २०२१ ते नोव्हेंबर २०२३ या काळात घरी गाणे ऐकण्याच्या साधनांवर ४,४६,६०० रुपये खर्च केले. त्यांपैकी टर्नटेबल म्हणजे तबकड्या वाजवण्याचे यंत्र, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरची जोडी, इंटरनेटवरून गाणी वाजवणारे एक छोटे यंत्र आणि दोन सुया यांवरचे १,८५,००० रुपये योग्य ठिकाणी गेले, असे माझे मत आहे. उरलेल्या २,६१,६०० रुपयांनी आवाजात काहीही बदलले नाही. हे प्रकरण त्या उरलेल्या रकमेचे आहे. ते लिहून काढा, असे स्वतः त्यांनीच सांगितले. अट एवढीच, की नाव येऊ नये. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, तेवढेच येथे ठेवतो. माझा संबंध दुहेरी आहे. मी विजेच्या कामाचा निवृत्त शिक्षक आहे, आणि रेल्वे लाइन्समधल्या त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी गाणे ऐकायला जमणाऱ्या सात-आठ जणांपैकी एक आहे. म्हणजे ही खरेदी होत असताना मान डोलावणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच नोंदवलेले बरे.

अण्णांना भोळे म्हणणारा माणूस सोलापूरच्या सूतबाजारात सापडणार नाही. सुताचा धागा अंगठा आणि तर्जनीत चोळून ते त्याचा नंबर सांगतात, पिळात कसर असेल तर ती बोटाला कळते, आणि एवढे असूनही सुताचा गठ्ठा काट्यावर चढल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला पैसे दिलेले नाहीत. चादर विकतानाही ती वजनावरच बोलते. असा माणूस तीन मीटर तारेला ३८,००० रुपये देतो, तेव्हा ‘लोभ’ किंवा ‘अज्ञान’ असा एका शब्दाचा निकाल देऊन पुढे जाता येत नाही.

गाण्याची आवड त्यांना वडिलांकडून मिळाली. वडिलांनी जमवलेल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या घरात आहेत. त्यांतल्या काही १९२५ पूर्वीच्या, म्हणजे मायक्रोफोन येण्याआधी भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्या आहेत. पुढे अण्णांनी स्वतः एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या बारीक चरीच्या तबकड्या, गोळा केल्या. सोलापूर मराठी आणि कानडी मुलखांच्या शिवेवर असल्यामुळे धारवाडच्या बाजूचे गाणे येथे परके नाही, आणि मल्लिकार्जुन मन्सूर हे अण्णांचे दैवत. कारखान्याच्या धबडग्यात हे सारे कपाटात पडून होते. निवृत्तीनंतर त्यांनी वापरलेला पण चांगला संच विकत घेतला आणि रविवारची बैठक सुरू झाली.

त्याच सुमारास एका परिचिताच्या ओळखीने एक सल्लागार घरी येऊ लागले. त्यांचे दुकान नव्हते. ते स्वतः रसिक होते, ‘सर’ म्हणून ओळखले जात, आणि त्यांच्यामार्फत वस्तू मागवता येत. पहिल्याच भेटीत त्यांनी एक खरी चूक पकडली, आणि पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ माझ्या मते तेथेच आहे. अण्णा जुन्या तबकड्या एलपीच्याच सुईने वाजवत होते. एलपीच्या सुईचे गोल टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची चर रुंद असल्यामुळे तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. बारीक सुई त्या चरीच्या तळाशी धूळ खरवडत फिरते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. सरांनी योग्य सुई ४,५०० रुपयांत आणून दिली. त्या दिवशी वडिलांच्या तबकडीतून जो स्वच्छ आवाज आला, तो ऐकून अण्णांचे डोळे भरून आले होते. आमच्यापैकी कोणालाही पटवण्याची गरज पडली नाही, कारण फरक शेजारच्या खोलीतही कळत होता.

पंधरा दिवसांनी ते स्पीकरची तार घेऊन आले. जाड, विणीव आवरणाची, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली. जुनी तार काढून त्यांनी स्वतः नवी जोडली, आणि पुन्हा एकदा सर्वांना स्पष्ट फरक ऐकू आला. तबल्याच्या बायाँचा गुंजारव, जो आतापर्यंत कुठेतरी हरवलेला असे, तो भरून आला, आणि गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध येऊन बसला. हा फरक काल्पनिक नव्हता, हे मी आजही मानतो. तो कशामुळे पडला, हे आम्हांला जवळजवळ अडीच वर्षांनी कळले.

आता त्या वाक्याकडे येतो, ज्याने हे शीर्षक दिले. तिसऱ्या खरेदीच्या वेळी, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या दीड-दीड मीटरच्या दोन पॉवर केबल ५२,००० रुपयांना आल्या तेव्हा, अण्णा प्रथमच म्हणाले, “सर, मला काय फरक वाटत नाही ओ.” त्यावर सर रागावले नाहीत. ते अतिशय मायेने म्हणाले, “अण्णा, कान तयार व्हायला वेळ लागतो. ऐकत राहा.” ज्याने आयुष्यभर रागसंगीत ऐकले आहे, त्याच्यासाठी हे वाक्य किती वजनाचे आहे, ते बाहेरच्याला कळणार नाही. आपल्याकडे कान खरोखरच तयार व्हावा लागतो. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच आहेत, तरी दोन्हींत वेगळे काय आहे हे पहिल्या वर्षी कोणालाच ऐकू येत नाही. दहा वर्षे बसल्यावर येते, आणि मग न येणाऱ्याबद्दल नवल वाटू लागते. जाणकारासमोर ‘मला कळले नाही’ म्हणून गप्प बसणे हा आपल्या श्रोत्याचा शिष्टाचार आहे, आणि तो चांगला शिष्टाचार आहे. सरांनी तो रागावरून उचलून तांब्याच्या तारेवर ठेवला. सुताच्या व्यवहारात काटा मागणे हा कोणाचा अपमान नसतो. गाण्याच्या बैठकीत काटा मागणे म्हणजे स्वतःच्या अरसिकतेची जाहीर कबुली ठरते. अण्णांनी काटा मागितला नाही, आणि विजेची तार आयुष्यभर शिकवलेल्या माझ्यासारख्यानेही मागितला नाही. दीड मीटर केबलच्या अलीकडे भिंतीतले पंचवीस वर्षांचे वायरिंग आहे, त्याच्या अलीकडे महावितरणची ॲल्युमिनियमची तार खांबाखांबांवरून रोहित्रापर्यंत गेली आहे. त्या सगळ्या प्रवासानंतर शेवटच्या दीड मीटरने वीज कशी ‘शुद्ध’ होणार, हा प्रश्न मी पहिल्या वर्षाच्या मुलांना परीक्षेत घातला असता. बैठकीत तो माझ्या तोंडून निघाला नाही.

पुढचा हिशेब अण्णांच्या वहीत आहे, आणि तो भराभर सांगण्यासारखाच आहे: केबल फरशीला टेकू नये म्हणून लाकडी ठोकळे ९,६०० रुपये, दोन फ्यूज १५,०००, यूएसबी केबल २१,०००, इंटरनेटचे ‘संगीतासाठी खास’ नेटवर्क स्विच ४६,०००, विजेच्या मीटरच्या पेटीवर चिकटवायच्या स्फटिकांच्या डब्या १२,०००, नवी केबल यंत्रावर लावून ‘मुरवून’ देण्याची मजुरी ४,०००, आणि शेवटी ‘ग्राउंड बॉक्स’ नावाची एक बंद लाकडी पेटी ६४,००० रुपये. प्रत्येक वेळी तोच एक नग उरलेला असे, किंवा कोणा मोठ्या ग्राहकाने मागवून ऐनवेळी सोडलेला असल्यामुळे तो निम्म्या किमतीत मिळत असे. या यादीत खरी कारागिरी मुरवण्याच्या कल्पनेत आहे. कोणतीही केबल २०० तास वाजल्याशिवाय खुलत नाही, असे सरांचे सांगणे होते. अण्णा रोज दोन तास ऐकतात. म्हणजे निकाल लागायला शंभर दिवस, आणि शंभर दिवसांपूर्वीचा आवाज कोणत्याही कानाला आठवत नाही; परत करण्याची मुदत तर पहिल्याच पंधरवड्यात संपलेली. शिवाय या काळात खुलते ती केबल नसून ऐकणाऱ्याची सवय असते.

रविवारच्या मंडळींचे काम यात लहान नव्हते. नवी वस्तू आली की अण्णा आवाजाचे बटण नेहमीपेक्षा थोडे पुढे ठेवत, पाहुण्यांना नीट ऐकू यावे म्हणून. थोडासा मोठा आवाज माणसाला ‘अधिक चांगला’ वाटतो, ‘अधिक मोठा’ वाटत नाही. ध्वनीच्या क्षेत्रातली ही सर्वांत जुनी फसगत आहे. मग कोणीतरी पहिला म्हणे, “मोकळं वाटतंय.” त्यानंतर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही समोर आलेले असताना ‘मला तसे वाटत नाही’ म्हणणारा माणूस आमच्यात नव्हता.

गाठ सुटली ती ग्राउंड बॉक्समुळे. टर्नटेबल लावले की येणारी बारीक घूं घालवण्यासाठी ती पेटी आणली होती, आणि पेटी लावूनही घूं तशीच राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अण्णांनी मला एका बाजूला घेऊन विचारले, “मास्तर, तुम्ही विजेचे माणूस. एकदा बघा की.” मी बघितले. टर्नटेबलमधून निघणारी अर्थची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली तुटून लोंबत होती. ती सोलून पुन्हा आवळली, घूं थांबली. या कामाला स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटे लागली. जाता जाता अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला, तर तो कोरडा ठणठणीत होता. त्याचा गाण्याशी संबंध नसला तरी शॉकशी नक्कीच आहे, म्हणून त्यात पाणी घालण्याची व्यवस्था त्याच दिवशी करवून घेतली.

त्यानंतर अण्णांनी स्वतःहून काटा मागितला. संक्रांतीची गड्डा यात्रा उलटल्यावर, जानेवारी २०२४ च्या शेवटच्या रविवारी आम्ही चाचणी घेतली. नवी पेठेतून अडीच चौरस मिलिमीटरची घरगुती वायरिंगची तार साडेचारशे रुपयांची आणली. तिचा हिशेब आधीच मांडला होता. असल्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ७.४ मिलिओहम असतो; तीन मीटर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ०.०४४ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. होणारी घट ०.०५ डेसिबलच्या आसपास, आणि एरवी माणसाला आवाजातला जाणवेल असा लहानात लहान फरक अर्धा ते एक डेसिबल. केबलने कितीही चमत्कार केला तरी वाचवायला एवढेच शिल्लक होते. तरी हिशेब बाजूला ठेवून ऐकायचे ठरले. स्थिर स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर दोन्ही तारांचे व्होल्टेज मोजले, त्यांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. अण्णांच्याच कारखान्यातली एक डबल चादर आडवी बांधून तिच्यामागे त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाला बसवले. त्याने दर खेपेला नाणे उडवायचे, छापा पडला तर महाग तार, काटा पडला तर स्वस्त, आणि वहीत लिहून ठेवायचे. आम्हा कोणालाही निकाल शेवटपर्यंत माहीत नव्हता. सोळा खेपा झाल्या. नुसत्या अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते, म्हणून बारा ही रेघ आधीच ठरवली होती. अण्णांचे नऊ बरोबर आले, माझे आठ, आणि ‘मोकळं वाटतंय’ असे नेहमी प्रथम म्हणणाऱ्या आमच्या स्नेह्यांचे सात. एका चाचणीने जगातल्या सगळ्या केबलींचा निकाल लागत नाही, हे मान्य करायला हवे. परंतु हा निकाल आणि आधी मांडलेला हिशेब एकाच दिशेने बोलत होते. सरांनाही निमंत्रण होते. बाहेरगावी असल्यामुळे ते आले नाहीत.

मग पहिल्या दिवशीचा तो फरक कसला? हे कोडे मला स्वस्थ बसू देईना. उत्तर एका छायाचित्रात सापडले. नवी तार येण्याआधी अण्णांच्या नातीचा वाढदिवस त्याच खोलीत झाला होता. एका फोटोत मुले स्पीकरच्या मागे लपलेली दिसतात, आणि तेथे जुन्या तारेची काळ्या रेघेची बाजू लाल खुंटीला गेलेली स्वच्छ दिसते. दुसरा स्पीकर बरोबर जोडलेला होता. एक स्पीकर उलटा जोडला की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, दोघांचे खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला गायक नाहीसा होतो. सरांनी नवी तार बसवताना दोन्ही टोके बरोबर जोडली, एवढेच घडले होते. त्यांनी ती चूक पाहिली होती की नकळत दुरुस्त झाली, हे सांगणे कठीण. श्रेय मात्र तारेला गेले, आणि त्या एका श्रेयावर पुढची आठ बिले चढली. बिले हा शब्द येथे सैल आहे, कारण एकाही वस्तूचे बिल नव्हते.

आणखी एक तपासणी अण्णांच्या मुलाने सुचवली, जी आधी सुचायला हवी होती. कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी झाली. काही शे रुपयांच्या त्या कागदावर ४,००० हर्ट्‌झच्या जागी दोन्ही कानांची रेघ खोल खाली गेलेली होती. गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या आलेखाची ही ओळखीची खूण आहे. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे; शटलच्या मागांच्या ओळीत उभे राहून शेजाऱ्याशी बोलायला कानाशी ओरडावे लागते, हे ज्याने सोलापूरच्या पूर्वभागातल्या मागांत एक दिवस घालवला आहे त्याला ठाऊक आहे. अण्णांनी तेथे तीस वर्षे काढली. ज्या ‘वरच्या स्वरांच्या मोकळेपणा’साठी पैसे मोजले गेले, तो ऐकणारा भाग कानातून केव्हाच निघून गेला होता, आणि भोंग्यासमोर घेतलेल्या ज्या तबकड्या त्यांना सर्वांत प्रिय, त्यांच्यात तर अडीच-तीन हजार हर्ट्‌झच्या पलीकडे फारसे काही कोरलेलेच नाही. कान तयार होता. तो झिजलेला होता, आणि तो झिजला आहे का हे अडीच वर्षांत कोणी विचारले नाही.

अण्णांनी आता श्रवणयंत्र घेतले आहे. खोलीत शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर स्लॅब, त्यामुळे टाळी वाजवली तर ती भिंतीवरून परत येई. तेथे कारखान्यातल्या नापास चादरी दुहेरी घड्या करून, भिंतीपासून चार बोटे सोडून टांगल्या. खर्जावर त्याचा उपयोग नाही, पण बंदिशीचे शब्द सुटे ऐकू येऊ लागले. या बदलाला डोळे मिटून चाचणी घ्यावी लागली नाही.

सरांना लबाड म्हणावे का, यावर बैठकीत बराच वाद झाला. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. त्यांनी स्वतःच्या घरी याहून कितीतरी जास्त रक्कम याच वस्तूंत घातलेली आहे, आणि आपल्याला फरक ऐकू येतो यावर त्यांचा विश्वास आहे. असा विश्वास एकट्यादुकट्याचा नसतो. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महाग एलपी चोखंदळ संग्राहक वर्षानुवर्षे निर्भेळ अ‍ॅनालॉग, म्हणजे आवाज कुठेही आकड्यांत न बदलता घडवलेल्या, म्हणून वाखाणत होते, आणि डिजिटलचा स्पर्श आपल्याला तत्काळ ओळखू येतो असेही सांगत होते. २०२२ मध्ये कंपनीनेच मान्य केले, की २०११ पासून त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. तयार कान तेथेही होते. तरीही सरांना एक गोष्ट माफ करता येत नाही: बिल न देता, रक्कम खासगी खात्यावर किंवा रोख घेणारा माणूस कुठेतरी स्वतःच्याच विश्वासाला जामीन राहायला तयार नसतो.

पैसे परत मिळवण्याचा मार्ग होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. शेवटच्या चार खरेदी त्या मुदतीत होत्या. यूपीआयच्या नोंदी आणि निरोपांचे संभाषण पुरावा म्हणून मी छापूनही ठेवले होते. अण्णांनी नकार दिला. “सूतबाजारात कळलं तर लोक काय म्हणतील ओ, अण्णाला तारेनं बांधला म्हणून,” असे ते हसत म्हणाले. पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

वस्तू विकून टाकाव्यात असे मुलाने सुचवले, तेव्हा अण्णांनी अट घातली की घेणाऱ्याला चाचणीचे आकडे दाखवल्याशिवाय एकही नग घराबाहेर जाणार नाही. मार्चमध्ये पुण्याहून एक तरुण अभियंता स्पीकरची तार बघायला आला. अण्णांनी त्याला नातवाची वही, सोळा खेपा, नऊ-आठ-सात हे आकडे आणि साडेचारशे रुपयांची तार असे सगळे समोर ठेवले. त्याने ते लक्षपूर्वक वाचले, वही मिटली, आणि नम्रपणे म्हणाला, “काका, तुमचं बरोबर असेल. पण माझ्या कानाला कळेल.” त्याने चौदा हजार मोजले. अण्णांनी कारखान्याचे जुने बिलबुक काढून, तारखेनिशी, ‘चाचणीत फरक आढळला नाही’ हे शब्द घालून त्याला रीतसर पावती लिहून दिली आणि कार्बनची प्रत वहीत डकवून ठेवली.